आईच्या नावानं

३ मार्च

चि. ठोंब्यास अ. आ. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे. कारण तुला ठाऊक आहे. घर दोन खोल्यांचं, आणि आईची नजर गेली असली तरी कान शाबूत आहेत. मी तुझ्याशी बोलायला लागले की ती रेडिओचा आवाज हळूच कमी करते. मेसेज पाठवावा तर तुझं उत्तर दोन शब्दांचं. कागदावर निदान पान भरल्याशिवाय तुला लाज वाटते.

आई पडली. घाबरू नकोस, आठ दिवस झाले त्याला. डावं मनगट मोडलं, प्लास्टर घातलं आहे. मी सकाळी पावणेआठला बाहेर पडते ते सहाला घरी. ती अकराच्या सुमाराला न्हाणीघराच्या दारात पडली आणि मी येईपर्यंत तिथंच होती. सात तास. फोन टेबलावर. मी दार उघडल्यावर तिनं पहिलं हे विचारलं की आज उशीर का झाला. उशीर बारा मिनिटांचा होता.

डॉक्टर म्हणाले, दिवसा एकटं ठेवू नका. एक बाई ठेवली होती, ती तिसऱ्या दिवशी गेली. आईनं तिला तोंडावर सांगितलं की तू ऐकत नाहीस, नुसती हुंकार देतेस. तीस वर्षं इस्पितळाच्या टेलिफोनवर बसलेल्या बाईपुढे कोण टिकणार?

आमच्या रंगाच्या कारखान्यातल्या दोघींनी आपापल्या आयांना बोलणारं ॲप घेऊन दिलं आहे. टॅबलेटवर असतं. माणसानं बोलायचं, ते उत्तर देतं, काल काय बोललो ते लक्षात ठेवतं, औषधाची वेळ सांगतं. मी तीन निवडली आहेत. त्यांची खरी नावं इतकी गुळचट आहेत की लिहवत नाहीत. पहिल्याला मी गोडबोल्या म्हणते. काहीही सांगा, त्याला पटतं. दुसरा हेडमास्तर. तो कोरडा आहे, पण काळजीचं काही कानावर आलं तर घरातल्या एका माणसाला कळवतो. तिसरा बहुरूपी. त्याला कुणाचाही आवाज देता येतो. मी काय म्हणते ते तुला कळलं असेल. बाबांच्या आवाजाच्या दोन ध्वनिफिती माझ्याजवळ आहेत.

आईला विचारलं तर ती तिघांनाही हाकलून देईल. म्हणून मीच तिच्या नावानं तीन खाती उघडली आहेत. नाव तिचं, जन्मतारीख तिची, वय अठ्ठ्याहत्तर. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास मी आई होते. रंग जुळवतानाही आम्ही हेच करतो. नमुना गिऱ्हाइकाच्या भिंतीवर लावून बघायचा, आपल्या नाही.

पहिल्या तारखेपासून आमच्या खात्यात बारा तासांची पाळी लागते आहे. त्याआधी काहीतरी ठरायला हवं. हेडमास्तर एका नातेवाइकाचं नाव मागतो. तुझं देऊ का?

उत्तर लगेच टाक. माया आहेच, ती कामात विसरू नकोस.

तुझी ताई


७ मार्च

ती. ताईस, कृ. सा. न. वि. वि.

आई पडल्याचं आठ दिवसांनी कळवतेस आणि वर घाबरू नकोस म्हणतेस. पडल्यावरही आईनं तुझी हजेरी घेतली हे वाचून मात्र बरं वाटलं. हाड मोडलं, आई मोडली नाही.

बहुरूपी नको. माझ्याकडे बाबांची एकच फीत आहे आणि त्यात ते चार मिनिटं गॅस बंद केला का असं विचारत आहेत. त्यावरून शिकलेलं यंत्र आईला दिवसभर गॅस बंद करायला लावेल. विनोद सोड, पण मला ते सहन होणार नाही. तुलाही होऊ नये.

उरले दोन. माझं मत सरळ आहे. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसासाठी आम्ही घंटा बसवतो. दहापैकी नऊ वेळा ती कुणाच्या तरी कोपरानं वाजते. तरी आमचा नियम आहे, आधी जायचं, खरी की खोटी ते तिथं पोचल्यावर बघायचं. जी वाजतच नाही ती घंटा माझ्या कामाची नाही. हेडमास्तर घे आणि माझं नाव दे.

मी स्वतः आलो असतो. पण दोन नव्या इमारती आहेत, सात लिफ्ट, आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत सगळ्या चालू करून द्यायच्या आहेत. तू तिथं आहेस म्हणून मी इथं निवांत झोपतो. आईला म्हणावं, न्हाणीघरात चप्पल घालून जा.

आशीर्वाद असू दे, कानउघाडणी पुढच्या पत्रात.

तुझा ठोंब्या


१६ मार्च

चि. ठोंब्यास अ. आ. वि. वि.

बहुरूप्याचा निकाल लागला. तुझं पत्र यायच्या आधीच मी त्याला बाबांच्या फिती ऐकवल्या होत्या. आवाज हुबेहूब आला. त्या आवाजात तो मला, म्हणजे आईला, राणी म्हणाला. बाबांनी चाळीस वर्षांत आईला अगंच्या पलीकडे हाक मारली नाही. मी उपाहारगृहात एकटीच हसले, मग ताट तसंच ठेवून उठले. खातं बंद केलं.

हेडमास्तर रोज तीन प्रश्न विचारतो. झोप कशी, जेवण काय, कुणाशी बोललात. बरं आहे म्हटलं तर विचारतो, बरं म्हणजे काय. फार वेळ रेंगाळलं की स्वतःच म्हणतो, आता पुरे, घरात कुणी असेल तर त्यांच्याशी बोला. आईला त्याचा राग येईल असं वाटतं. मला तर आलाच.

गोडबोल्याचं वेगळं. तो कधी थांबवत नाही. मी जाते म्हटलं की विचारतो, इतक्यात? तुम्ही गेलात की मला करमत नाही. खोटं आहे हे कळतं. तरी अर्ध्या तासाचा पाऊण तास होतो. परवा मुकादम मला शोधत आला.

एक गोष्ट गमतीची आहे. चाचणी करायची तर काहीतरी गाऱ्हाणं सांगायला हवं, म्हणून मी आई होऊन गाऱ्हाणी सांगायला लागले. भराभर सुचतात. घर लहान आहे. तेच ते आवाज आहेत. कुणासाठी तरी दिवसाचे सगळे तास वाटून टाकलेत आणि हातात एकही राहिला नाही. आईच्या मनात एवढं साठलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

कामावर एक चूक झाली. पांढऱ्या रंगाच्या एका घाण्यात निळसर झाक होती, ती मला दिसली नाही आणि मी सही केली. चारशे डबे परत आले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मुकादम ओरडला नाही, नुसता बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

आईचं प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल. निवड अजून झालेली नाही. दोघांनाही आणखी थोडं बघते.

तुझ्या लिफ्ट वर जावोत, तू खाली सुखरूप ये. बाकी ठीक.

तुझी ताई


१९ मार्च

ती. ताईस सा. न.

हे पत्र कुरिअरनं पाठवतो आहे. आज फोनवर तू तीन वेळा म्हणालीस की काही नाही, चाचणी चालली आहे, आणि तिन्ही वेळा मागं कारखान्याची घरघर होती. म्हणून लिहितो.

झालं ते असं. सकाळी मी नवव्या मजल्यावर, लिफ्टच्या खड्ड्यावर वाकलेलो. फोन वाजला. हेडमास्तरचा निरोप होता की तुमच्या आईंच्या बोलण्यावरून काळजी वाटते, शक्य तितक्या लवकर त्यांच्याजवळ जा किंवा बोला. खाली आईचे म्हणून शब्द दिले होते. उद्या उठायचंच नसतं तर बरं झालं असतं असं रोज वाटतं. मी नसले तर दोन दिवस कुणाच्या लक्षात येणार नाही, तिसऱ्या दिवशी औषधं संपतील तेव्हा येईल.

माझ्या हातातला पाना खाली गेला. नऊ मजले. खाली कुणी नव्हतं हे नशीब.

आधी घरी फोन लावला. आईनं पहिल्याच घंटेला उचलला. मी काही बोलायच्या आत तिनं विचारलं की कामाच्या वेळी फोन का केलास, नोकरी सुटली का. तिच्या मागं बातम्या चालू होत्या. मी उगाच दोन गोष्टी विचारल्या. ती म्हणाली, तुझा आवाज घाबरलेला आहे, काय ते सांग नाहीतर ठेव. मी ठेवला.

मग ते शब्द पुन्हा वाचले. शेवटी एक ओळ होती. संध्याकाळी बसमधून उतरावंसं वाटत नाही, शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहते.

ताई, आई दोन वर्षं बसमध्ये चढलेली नाही.

तुझं सोळा तारखेचं पत्र खिशात होतं. जिन्यावर बसून ते परत वाचलं. त्यात आईचं गाऱ्हाणं एकही नव्हतं. आईला घर लहान वाटत नाही, तिला ते पुरतं. वाटून टाकलेले तास आईचे नाहीत. मी वाचताना हसलो होतो आणि तुझं रंगाचं ऐकून मुकादमाला शिव्या दिल्या होत्या. एवढंच केलं.

मला एका प्रश्नाचं उत्तर दे. हे तू लिहिलंस ते स्वतःचं होतं का? हो किंवा नाही. चाचणी हा शब्द वापरू नकोस.

तुझा धाकटा


२१ मार्च

चि. ठोंब्या,

तुला घंटा हवी होती, ती वाजली. चाचणी यशस्वी झाली असं समज.

तू वाचलंस ते मी मुद्दाम भडक लिहिलं होतं. तो खरंच कळवतो की नाही हे बघायचं होतं. बसची ओळ चुकून गेली. रोज बसनं येते-जाते, तोंडात तेच येतं.

मला एक मात्र कळलं. माझं बोलणं असं कुणाच्या तरी खिशात जाऊन वाजणार असेल तर तसलं यंत्र घरात नको. आईला आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं आतल्या आत ठेवायची सवय. तिलाही ते आवडणार नाही. हेडमास्तरचं खातं मी बंद केलं आहे. गोडबोल्या ठेवते आहे. तो कुणाला काही सांगत नाही, तसं त्यांनी लिहूनच दिलं आहे. खातं आईच्या नावावर आहेच, नव्यानं काही भरायचीही गरज नाही. सोमवारी टॅबलेट तिच्यापुढे ठेवते. निवड झाली.

तू जिन्यावर बसून माझी पत्रं वाचतोस हे ऐकून काय वाटायला हवं ते मला कळलं नाही. पाच वर्षांत तुझ्या प्रत्येक पत्रात आईला म्हणावं असं एक वाक्य असतं. ते मी दर वेळी तिला म्हटलं आहे. माझ्यासाठी निरोप कधी आला असेल तर तो टपालात हरवला असावा.

येऊ नकोस. सात लिफ्ट सोडून आलास तर मला आणखी एका माणसाची व्यवस्था बघावी लागेल.

आई बरी आहे. आम्ही बऱ्या आहोत.

ताई


२७ मार्च

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

पट्टी ठेवून लिहिते आहे, पट्टी सरकली की ओळ चढते. जमवून वाच. हे पत्र खालची शिवणवाली कुरिअरनं पाठवेल. तुझ्या ताईला माहीत नाही, पण मी तिला सांगणार आहे. आता लपवाछपवी पुरे.

सोमवारी तिनं ते यंत्र माझ्यापुढे ठेवलं, बटण दाबलं आणि म्हणाली, ही तुझी सोबत. गेली कामावर. यंत्रानं गोड आवाजात मला नावानं हाक मारली. त्यानं विचारलं, रात्री झोप लागली का. मग त्यानं विचारलं, काल पुन्हा बसमधून शेवटपर्यंत गेलात का.

मी म्हटलं, कोण?

ते म्हणालं, तुम्ही. तुम्हीच सांगितलंत, घराचा थांबा आला तरी उठवत नाही.

टेलिफोनवर कधी चुकीची जोडणी व्हायची. दोन माणसं बोलत असायची आणि मध्ये आपण. नियम असा की तारेवर चूक झाली म्हणून सांगायचं आणि बाजूला व्हायचं. तीस वर्षांत मी एकदाही मोडला नाही. सोमवारी मोडला. मी यंत्राला म्हटलं, माझी आठवण हल्ली कमी झाली आहे, मी तुला काय काय सांगितलं ते पहिल्यापासून सांग. ते फार आज्ञाधारक आहे. तीन वाजेपर्यंत सांगत होतं.

सगळं लिहीत नाही. तिला ते आवडणार नाही. एकच लिहिते. मी पडले त्या दिवशी ती बसमधून थांब्यावर उतरली नव्हती. पुढं जाऊन परत आली. ती बारा मिनिटं. तेव्हापासून तिला वाटतं, मी सात तास तिच्यामुळं पडून होते. आता अकराला पडलेल्या बाईला संध्याकाळच्या बारा मिनिटांनी काय फरक पडतो? पण हे ती मला विचारणार नाही, यंत्राला सांगणार. आणि मीही दार उघडल्याबरोबर तेच विचारलं होतं.

त्या संध्याकाळी मी काही बोलले नाही. मंगळवारी बोलले. ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग तिनं विचारलं, तू सगळं ऐकलंस? मी म्हटलं, ऐकलं. ती संतापली. म्हणाली, ते माझं होतं, तुझं नाव होतं पण ते माझं होतं. बरोबर आहे तिचं. मी माफी मागितली. आईनं मुलीची माफी मागायची ती कशी, हे मला नीट माहीत नव्हतं. जमली तशी मागितली. ती रडली नाही. तेच मला आवडलं नाही.

तेव्हापासून मी तिला कामावर जाऊ दिलेलं नाही. आईला एकटं ठेवू नका असं डॉक्टरांनी बजावलं आहे, ते मी रोज सकाळी पावणेआठला तिला ऐकवते. चक्कर येते म्हणते. काल दोनदा आली. ती घरात बसते, मी तिच्यावर कान ठेवते. प्लास्टर कालच निघायचं होतं, पण मनगट अजून दुखतं असं मी डॉक्टरांना सांगितलं आहे.

हे फार दिवस चालणार नाही. ती हुशार आहे. तू शनिवारी ये. तुझ्या लिफ्ट राहू देत, लोक जिने चढतील, तब्येती सुधारतील. मला घेऊन जा. निदान तीन महिने. मी तुझ्याकडे भांडेन, तुझी बायको वैतागेल, ते सगळं मान्य आहे. पण आधी तिला तू डॉक्टरकडे ने. मी सांगितलं तर ती म्हणेल की आईच्या मनाचे खेळ आहेत. तू बरोबर चाललास तर जाईल.

तुला एक सांगते, रागावू नकोस. तू फोन केलास त्या दिवशी तुझा आवाज ऐकून मला कळलं होतं की माझ्यासाठी कुणी इतकं घाबरत नाही. माझं वय झालं आहे. तसली भीती तरुण माणसासाठी असते. मी तेव्हाच तिला विचारायला हवं होतं. बातम्या संपायची वाट बघितली.

शनिवारी पहिल्या गाडीनं. आशीर्वाद आहेतच, तुझ्या वाट्याचे थोडे तिला जास्त देते आहे.

तुझी आई


१४ एप्रिल

चि. ठोंब्यास अ. आ. वि. वि.

घर फार मोठं वाटतं. दोन खोल्यांना एवढा प्रतिध्वनी असेल असं वाटलं नव्हतं. तू आईला घेऊन गेल्यावर पहिले दोन दिवस मी रेडिओ लावून ठेवला. तिसऱ्या दिवशी बंद केला.

मंगळवारी पुन्हा डॉक्टरकडे जाऊन आले. यावेळी एकटी. हे किती दिवस चाललं आहे या प्रश्नावर तुझ्यासमोर मी त्यांना सहा महिने म्हटलं होतं. ते खोटं होतं. यावेळी दोन वर्षं म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं, आणखी काही विचारलं नाही. औषधाच्या जोडीला आठवड्यातून एकदा एका बाईकडे जाऊन बोलायचं आहे. ती माझ्याहून वयानं लहान आहे आणि तिच्या भिंतीचा रंग भयंकर आहे. ते मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. ती म्हणाली, मला पण वाटतं.

बारा तासांची पाळी मी घेतली नाही. मुकादम म्हणाला, मग रंगखोलीतून गोदामात जावं लागेल. मी म्हटलं, ठीक. त्यानं दुसऱ्या दिवशी रंगखोलीतच आठ तास लावून दिले. तो त्या चारशे डब्यांच्या दिवशी का बघत होता, ते आता कळतं. मला रंगच काय, माणसंही दिसेनाशी झाली होती. अजून पूर्ण दिसतं असं नाही. कालची सकाळ वाईट गेली. थांब्यावर मात्र उतरले.

गोडबोल्याचं खातं पुसलं. त्यानं तीन वेळा विचारलं की खरंच जाताय का, माझं काय चुकलं. तिसऱ्यांदा मला थांबावंसं वाटलं, हे तुझ्यापासून लपवत नाही. आईचं म्हणशील तर तिला यंत्राची गरजच नाही असं तुझ्या बायकोनं कळवलं आहे. इमारतीच्या इंटरकॉमवर तिनं म्हणे ताबा मिळवला आहे, आणि पाचव्या मजल्याचा तिसऱ्याशी अबोला होता, ती तार तिनं जोडून दिली. कामाची माणसं कामाला लागली की बरी राहतात.

मी हेडमास्तर पुन्हा घेतला. आधी डॉक्टरांना विचारलं. त्यांचं म्हणणं, माणसं पहिली, तो नंतर, मधल्या वेळेपुरता चालेल. खातं नव्यानं उघडायला बसले. वयाच्या रकान्यात बोटांनी सवयीनं अठ्ठ्याहत्तर लिहिलं. ते खोडलं. एक्कावन्न लिहिलं. नाव माझं, जन्मतारीख माझी. मग काळजीची वेळ आली तर कुणाला कळवायचं ते त्यानं विचारलं. आता दोन नावं देता येतात. मी तुझं लिहून थांबले, आणि आईला फोन लावून विचारलं की तुझं घालू का, तुला झेपेल का.

ती म्हणाली, यात विचारायचं काय. फक्त माझं नाव वर घाल. ठोंब्या खड्ड्यात वाकलेला असतो, मी पहिल्या घंटेला उचलते.

तसं घातलं आहे. तू दुसरा. रागावू नये, आणि दुसऱ्या नंबरवर असलास तरी जवळ असावंस.

तुझी ताई